साष्टीतला नंदी, अल्ताईतला लांडगा

गोरेगावहून तुम्ही चर्चगेट स्लो पकडता. खिशात प्लॅस्टिकच्या डबीत बंद चांदीचं नाणं, एक औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम. त्यावर तुर्कांची आद्यमाता, लांडगी. राम मंदिर मागे पडतं आणि जोगेश्वरीला उतरता तेव्हा साल आहे साधारण ५५५.

फलाट नाही, हायवे नाही. खडकात उतरणाऱ्या पायऱ्या, खाली शिवाचं लेणं. हे लेणं कोणी खोदवलं, यावर विद्वान पुढे भांडणार आहेत. तुम्ही त्यात पडू नका. पाथरवटाच्या तळहातावर काय आहे ते बघा. जेमतेम दोन ग्रॅमचं, नखाएवढं नाणं, रूपक. एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे बसलेला नंदी, भोवती ब्राह्मी अक्षरं: ‘परममाहेश्वर’ वगैरे, शेवटी ‘श्रीकृष्णराज’. कलचुरींचा राजा. कडेची दोन-तीन अक्षरं नाण्याबाहेरच राहिलेली.

तुम्ही आपलं नाणं पुढे करता. “हे कुठल्या राजाचं?” तुम्ही सांगता, तीनच वर्षांपूर्वी, ५५२ मध्ये, रौरान लोकांसाठी लोखंड घडवणारे अल्ताई पर्वतातले तुर्क या मालकांवर उलटले. त्यांचा बूमिन खागान, म्हणजे सम्राट, झाला. त्यांच्या निशाणाच्या काठीवर सोन्याचं लांडग्याचं मुंडकं असतं. त्यामागची दंतकथा अशी: शत्रूने पाय तोडून दलदलीत टाकलेला दहा वर्षांचा पोर, त्याला मांस भरवून जगवणारी लांडगी, पुढे तिला त्याच्यापासूनच डोंगरातल्या गुहेत झालेले दहा मुलगे. त्यांतल्या एकाचा वंश आशिना, म्हणजे खागानांचं घराणं. दरवर्षी खागान सरदारांना घेऊन पूर्वजांच्या गुहेत बळी द्यायला जातो. चिनी बखरकारांनी हे लिहून ठेवलंय.

गुहेचं ऐकून पाथरवट मान हलवतो. लांडग्याशी त्याला देणंघेणं नाही. डबी हातात तोलून म्हणतो, “पंधरा रूपकं सहज पडतील. उघडा की.”

तुम्ही कचरता. बोट लागलं तर भाव उतरतो! खरं सांगायचं तर तुमचा लांडगा शोभेचा. नंदी मात्र बाजारात झिजला. ७१० च्या अंजनेरी ताम्रपटातही कृष्णराजाच्या रूपकांचा हिशेब आहे, राजा जाऊन शतक उलटल्यावरही.

अशी रूपकं मुंबईत आणि साष्टीत सापडलेली आहेत. गोरेगावात पुनर्विकासाचा पाया खणताना एखादं हाती लागलं, तर सोनाराकडे वितळवायला देऊ नका. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवा.