देश नसलेली आंतरराष्ट्रीय शर्यत : पॅरिस, १९००

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचा अविनाश साबळे २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळवून आला आणि ‘स्टीपलचेस’ हा शब्द मराठी वाचकांच्या चांगलाच परिचयाचा झाला. ‘अडथळ्यांची शर्यत’ हे त्याचे मराठी रूप अर्थ सांगते, पण शब्दाचा जन्म झाकून टाकते. स्टीपल म्हणजे चर्चचा उंच, निमुळता मनोरा. १७५२ साली आयर्लंडमध्ये दोन घोडेस्वारांनी बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत सुमारे चार मैलांची पैज लावली, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. वाटेत कुंपण येवो, ओढा येवो वा दगडी गडगा, समोरच्या मनोऱ्यावर नजर ठेवून सरळ जायचे, एवढाच नियम. पुढे १८५० साली ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजातील विद्यार्थ्यांनी घोडा बाजूला ठेवून असाच प्रकार स्वतःच्या पायांनी करून पाहिला. आजच्या शर्यतीतील लाकडी अडथळे आणि पाण्याचा खड्डा हे त्या गडग्यांचे आणि ओढ्यांचे अवशेष होत. मनोरा मात्र केव्हाच नाहीसा झाला. धावपटू आता गोल फिरून पुन्हा तिथेच येतो.

ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये प्रथम धावली गेली ती जुलै १९०० मध्ये, पॅरिसला. ‘ऑलिम्पिकमध्ये’ हे आपण आज म्हणतो. त्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते आणि त्याला जोडून शारीरिक व्यायाम व क्रीडाप्रकारांच्या ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धा’ ठेवल्या होत्या. आपण ऑलिम्पिक खेळत आहोत याची अनेक खेळाडूंना कल्पनाही नव्हती. कलकत्त्यात जन्मलेल्या मार्गारेट अ‍ॅबट या अमेरिकन स्त्रीने तिथे गोल्फची स्पर्धा जिंकली. १९५५ साली ती वारली तेव्हाही आपण ऑलिम्पिक विजेती आहोत हे तिला ठाऊक नव्हते.

मैदान होते बुआ द बुलोन्य या विस्तीर्ण उपवनातील रेसिंग क्लबचे. पाचशे मीटर घेराची, गवताची, उंचसखल पट्टी. झाडे तशीच ठेवलेली, त्यामुळे फेकलेली थाळी झाडांत जाई. स्टीपलचेसच्या दोन शर्यती झाल्या : एक २५०० मीटरची आणि दुसरी ४००० मीटरची, म्हणजे या पट्टीच्या पाच आणि आठ फेऱ्या. अडथळ्यांत दगडी भिंती होत्या, पाणी होते, हर्डल्स होते. अंतराचे प्रमाणीकरण अजून कोणाच्या मनातही नव्हते. ३००० मीटर हे अंतर ऑलिम्पिकमध्ये आले ते १९२० साली, अँटवर्पला.

१५ जुलैची २५०० मीटरची शर्यत जॉर्ज ऑर्टनने ७ मिनिटे ३४.४ सेकंदांत जिंकली. ब्रिटनचा सिडनी रॉबिन्सन दुसरा आला, फ्रान्सचा जॅक शास्तानिए तिसरा. त्याच दिवशी काही वेळ आधीच ऑर्टन ४०० मीटर हर्डल्समध्ये तिसरा आला होता. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हा माणूस आपल्यातला वाटेल. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात जन्म; लहानपणी झाडावरून पडल्यामुळे उजवा हात कायमचा अधू; टोरांटोची पदवी; आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टरेट. तीही लॅटिनोद्भव भाषांच्या अभ्यासात! ज्याने भाषांची कुळे लावली त्याचेच कूळ पुढे नोंदवहीने चुकवले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. तो पेनसिल्व्हेनियाच्या खेळाडूंबरोबर आला होता, म्हणून विजय अमेरिकेच्या खात्यावर लिहिला गेला. कॅनडाचा हा पहिला ऑलिम्पिक विजेता कित्येक दशके अमेरिकन म्हणूनच वावरत राहिला.

मात्र नोंद करणाऱ्यांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. १९०० साली देशाच्या समितीने निवडलेला संघ ही गोष्टच रूढ नव्हती. खेळाडू क्लबचा किंवा विद्यापीठाचा असे, पुष्कळदा केवळ स्वतःचा असे. १५ जुलै हा रविवार होता, आणि रविवारी धावायचे की नाही यावरून अमेरिकन खेळाडूंत दुफळी पडली. पण ती विद्यापीठाविद्यापीठांत आणि ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकाप्रमाणे पडली. सिरॅक्यूज विद्यापीठाने आपल्या मायर प्रिन्स्टाइनला त्या दिवशीच्या लांब उडीच्या अंतिम फेरीपासून दूर ठेवले; पेनसिल्व्हेनियाचे खेळाडू मात्र मैदानात उतरले. ‘अमेरिका’ नावाचा कोणी एक तिथे निर्णय घेत नव्हता. पदकतालिका पुढे तयार झाली, आणि तालिकेला देशाचा रकाना लागतो. विद्यापती बंगालीचा की मैथिलीचा, मीराबाई राजस्थानीची की गुजरातीची, हा वाद आपण ज्या कारणाने घालतो तेच कारण इथेही आहे : आधी कपाट बनते, मग त्यात माणसे बसवली जातात.

दुसऱ्या दिवशी, १६ जुलैला, ४००० मीटरची शर्यत झाली. ऑर्टन आजारी होता, पाचवा आला. जॉन रिमर, चार्ल्स बेनेट आणि सिडनी रॉबिन्सन हे तिघे ब्रिटिश ओळीने पहिले आले. वेळा पाहाव्यात : १२ मिनिटे ५८.४, ५८.६ आणि ५८.८ सेकंद. आठ फेऱ्यांनंतर पहिल्यात आणि तिसऱ्यात अर्ध्या सेकंदाचेही अंतर नाही. एवढी चुरशीची शर्यत पुन्हा कधी त्या अंतरावर धावलीच गेली नाही.

कलकत्त्याचा नॉर्मन प्रिचर्डही त्याच मैदानावर होता. त्याने २०० मीटर आणि २०० मीटर हर्डल्समध्ये रौप्यपदके मिळवली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती भारताच्या नावे मांडते. ब्रिटनच्या बाजूने दावा करणारे संशोधकही आहेत. स्वतः प्रिचर्ड पुढे नॉर्मन ट्रेव्हर या नावाने अमेरिकन मूकपटांत गेला, म्हणजे त्याने नावही एकच ठेवले नाही.

प्रिचर्डच्या मागे २०० मीटरमध्ये तिसरा आला होता न्यू साउथ वेल्सचा स्टॅन रोली. २२ जुलैला ५००० मीटरची सांघिक शर्यत होती. बेनेट, रिमर आणि रॉबिन्सन त्यांच्या आणखी एका ब्रिटिश सहकाऱ्यासह उभे राहिले, परंतु संघाला पाच जण हवे होते. पाचवा म्हणून या छोट्या पल्ल्याच्या धावपटूला घेतले. दहा जणांच्या शर्यतीत तो थोडा धावला, मग चालू लागला. अंतर पूर्ण न करताही त्याला दहावा क्रमांक देण्यात आला, आणि संघ २६ विरुद्ध २९ गुणांनी फ्रान्सवर जिंकला. रोलीचे हे सुवर्णपदक आज ‘मिश्र संघ’ या रकान्यात आहे. त्याची धावण्याची तीन कांस्यपदके ऑस्ट्रेलियाच्या नावावर आहेत, आणि ऑस्ट्रेलिया हे संघराज्य अस्तित्वात आले १ जानेवारी १९०१ रोजी.