यंत्रमानवांच्या देशातील एक विद्वत्सभा

यंत्रांचा इतिहास लिहिताना बहुधा यंत्रांचीच नामावळी दिली जाते. अमुक साली अमुक यंत्र दोन पायांवर चालू लागले, तमुक साली दुसरे जिना चढून गेले, अशी ती नोंदवही असते. या यंत्रांमागील संस्था, त्यांची नियतकालिके, वार्षिक अधिवेशने यांना तीत सहसा जागा नसते. मराठी वाङ्मयाचा इतिहास नियतकालिके आणि साहित्यसंस्था वगळून लिहिता येत नाही, हे ठाऊक असलेल्या आम्हांला ही उणीव विशेष जाणवते. जपानमधील रोबॉट-संशोधकांच्या राष्ट्रीय संस्थेचा इथे विचार करावयाचा तो याच कारणाने. १९८३ च्या जानेवारीत स्थापन झालेल्या या संस्थेचे नाव ‘निहोन रोबोत्तो गाक्काई’. ‘गाक्काई’ म्हणजे अभ्यासकांची सभा; आपल्याकडच्या ‘परिषद’ या शब्दाच्या जवळ जाणारी संज्ञा.

या नावातील मधला शब्द जपानमध्ये आला तो रंगभूमीच्या वाटेने. कारेल चापेक या चेक नाटककाराचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले, १९२१ मध्ये प्रागच्या रंगमंचावर आले आणि १९२४ मध्ये तोक्योच्या त्सुकिजी नाट्यगृहात त्याचा जपानी प्रयोग झाला. त्या वेळी ‘रोबॉट’साठी ‘जिन्झो निंगेन’, म्हणजे कृत्रिम मनुष्य, असा शब्द योजण्यात आला. मराठीतील ‘यंत्रमानव’ हा त्याच कुळातला. दोन्ही शब्दांत माणूस गृहीत धरलेला आहे. पुढे १९२८ मध्ये माकोतो निशिमुरा या जीवशास्त्रज्ञाने ‘गाकुतेन्सोकु’ ही हलणारी, लिहिणारी मानवाकृती घडविली. १९५२ पासून ओसामु तेझुका यांच्या चित्रकथांतील ‘आतोम’ हा बालरोबॉट घरोघरी पोहोचला. १९८३ मध्ये अभ्यासकांनी मात्र ‘रोबोत्तो’ हाच शब्द पत्करला. तोवर कारखान्यांत कामाला लागलेल्या पोलादी हाताला ना चेहरा होता, ना पाय. ‘कृत्रिम मनुष्य’ हे नाव त्याला शोभले नसते.

हा पोलादी हात जपानमध्ये आला तो परवान्यावर. कावासाकी कंपनीने अमेरिकेच्या युनिमेशन कंपनीशी १९६८ साली करार केला आणि पुढच्याच वर्षी देशी बनावटीचा पहिला ‘युनिमेट’ तयार केला. त्यानंतरच्या दशकात विद्यापीठांतूनही विलक्षण काम झाले. मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एक छोटा निबंध लिहिला. कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसा तिच्याविषयीचा आपलेपणा वाढतो. परंतु साम्य जवळजवळ पुरे होत आले की एकाएकी शिसारी वाटू लागते, असे त्यांचे प्रतिपादन होते. शिगेओ हिरोसे यांनी १९७२ मध्ये सापासारखे सरपटणारे यंत्र चालवून दाखविले. वासेदा विद्यापीठात इचिरो काटो यांच्या गटाने १९७३ मध्ये ‘वाबोत-१’ हा पूर्ण मानवाकृती रोबॉट उभा केला. यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ मध्ये ‘स्कारा’ नावाच्या यंत्रबाहूचा पहिला नमुना सिद्ध केला. आडव्या दिशेने लवचीक आणि उभ्या दिशेने ताठ असा हा हात सुटे भाग जोडण्याच्या कामी अतिशय उपयोगी ठरला.

ही सारी माणसे एकाच विषयात काम करीत होती, असे आज आपण सहज म्हणतो; त्या काळी तो विषय अद्याप एक झालेला नव्हता. कोणी यांत्रिक अभियंता, कोणी नियंत्रणशास्त्राचा अभ्यासक, कोणी कृत्रिम अवयवांकडून या क्षेत्रात आलेला. प्रत्येकाची सभा वेगळी, परिभाषा वेगळी. जपानमध्ये १९८० हे ‘रोबॉट-प्रसाराचे पहिले वर्ष’ मानले जाते. कारखान्यांत रोबॉट झपाट्याने शिरत असताना अभ्यासकांना एक समाईक ओसरी हवी होती, ती तीन वर्षांनी मिळाली.

परिषदेने पहिल्याच वर्षी आपले नियतकालिक सुरू केले, आणि ते जपानी भाषेत. १९८६ पासून ‘ॲडव्हान्स्ड रोबॉटिक्स’ हे इंग्रजी नियतकालिक त्याच्या जोडीला आले. १९८८ मध्ये तोक्योत बुद्धिमान रोबॉटांवरील आंतरराष्ट्रीय परिषदांची मालिका सुरू झाली. तिच्या संयोजनात अमेरिकास्थित विद्युत-अभियंत्यांच्या संघटनेबरोबर ही सभाही होती, आणि आज ती मालिका या विषयातील अग्रगण्य मानली जाते. जगाशी बोलण्यासाठी इंग्रजी आणि आपसांत बोलण्यासाठी जपानी, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे. प्रयोग फसला तर तो का फसला, याची तपशीलवार चर्चा स्वभाषेत होऊ शकते, हे आम्हांला विशेष मोलाचे वाटते.

एवढ्यावर थांबलो तर हे केवळ गौरवगीत होईल. ज्या १९८३ साली परिषद स्थापन झाली, त्याच साली जपान सरकारने माणसाला जिवावर उदार होऊन जावे लागते अशा ठिकाणांसाठी रोबॉट घडविण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. अणुकेंद्रे, समुद्रतळ आणि आगीची ठिकाणे ही त्याची तीन क्षेत्रे होती. १९९० च्या सुमारास प्रकल्प आटोपला आणि यंत्रे बाजूला पडली. सप्टेंबर १९९९ मध्ये तोकाइमुरा येथील अणुइंधन कारखान्यात अपघात होऊन पुढे दोन कामगार दगावले. पुन्हा सरकारी पैशातून रोबॉट तयार झाले, आणि त्यांची गरज नाही असे ठरून पुन्हा ते अडगळीत गेले.

मार्च २०११ मध्ये फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांवर संकट कोसळले तेव्हा, एप्रिलमध्ये, त्या इमारतींत प्रथम शिरले ते अमेरिकन बनावटीचे ‘पॅकबॉट’. रोबॉटांचा देश म्हणून मिरविणाऱ्या जपानला ही गोष्ट जिव्हारी लागली. जूनमध्ये ‘क्विन्स’ हा जपानी रोबॉट आत गेला. तो विद्यापीठांतील संशोधकांनी घडविलेला होता. जाड भिंतींतून बिनतारी संदेश पोहोचेना, म्हणून त्याला लांबलचक केबल जोडावी लागली. तळघराकडे उतरताना जिन्याचा मधला चौथरा अपेक्षेहून अरुंद निघाला आणि त्याला परत फिरावे लागले. तरीही पुढे तो वरच्या मजल्यांपर्यंत गेला आणि किरणोत्साराची मोजमापे त्याने घेतली. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या अणुभट्टीच्या पाचव्या मजल्यावरून परतताना त्याची केबल निकामी झाली व तो तिसऱ्या मजल्यावरच राहिला.

मग चुकले कोण? ज्ञान कमी पडले, असे म्हणता येत नाही. कमी पडले ते यंत्र सतत चालते ठेवणे, ते चालविणारी माणसे दरवर्षी तयार करणे, खऱ्या जिन्यांवर सराव करणे. हे काम वीजकंपन्यांचे आणि शासनाचे होते. ‘अपघात होणारच नाही’ अशी ग्वाही देणाऱ्यांना अपघाताची तयारी उघडपणे करणे अवघड जाते. विद्वत्सभेच्या हाती असा कारभार नसतो. तिच्या हाती असते ती स्मृती. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर जपानी संशोधकांचा एक वर्ग ढिगाऱ्यांत शिरणाऱ्या यंत्रांवर काम करू लागला होता. प्रकल्प बंद पडले तरी अभ्यासक, त्यांचे विद्यार्थी आणि त्यांचे लेख उरले, म्हणूनच काही महिन्यांत ‘क्विन्स’ उभा राहू शकला. सरकारी प्रकल्पाचे आयुष्य अंदाजपत्रकाएवढे असते. परिषदेचे आयुष्य पिढ्यांनी मोजावे लागते.

योगायोग असा, की भारतातील रोबॉट-संशोधकांची ‘रोबॉटिक्स सोसायटी’ स्थापन झाली ती त्याच २०११ च्या जुलैत. तिची पहिली परिषद जुलै २०१३ मध्ये पुण्यात भरली. तेथील निबंध इंग्रजीत होते, आणि बहुभाषिक देशात ते समजण्यासारखेही आहे. परंतु पुण्याच्या आसमंतातील वाहन-कारखान्यांत यंत्रबाहूंशेजारी उभे राहून काम करणारे कितीतरी जण मराठीत विचार करतात. यंत्र कुठे अडते, कशाने बिघडते, त्याच्याजवळ जाताना काय सांभाळावे लागते, हे त्यांना ठाऊक असते. पण ते पाळीबरोबर घरी जाते. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद मराठीतून विज्ञान सांगत आली आहे, म्हणजे घर बांधलेले आहे. त्यात या माणसांच्या अनुभवासाठी एक फळी राखून ठेवणे अशक्य नाही.