सवलत कोणाची, भार कोणावर?

पेडणे महालातील किरणपाणीच्या काठावरून तेरेखोल नदीच्या पैलतीरी आरोंदे दिसते. दोन्ही तीरांची बोली जवळची, देवदेवस्की सारखी आणि सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्यांच्या. तथापि १९५५ साली भारतात हिंदू विवाह कायदा आला आणि एका बाबतीत ही नदी खरीखुरी सरहद्द ठरली. आरोंद्यास दिलेल्या मुलीच्या नवऱ्याला ती नांदत असता दुसरे लग्न करण्याची कायद्याने बंदी झाली. पेडण्यास दिलेल्या तिच्या बहिणीच्या नवऱ्याला मात्र पोर्तुगीज राजवटीच्या १८८० सालच्या हुकूमनाम्याने काही प्रसंगी तशी मोकळीक दिलेली होती. ही मोकळीक धर्माच्या नावाने दिलेली असल्यामुळे तिचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे.

जुन्या काबिजादींत धर्माची काय गत झाली, हे सर्वश्रुत आहे. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे डिचोली महालातील नार्वे येथे न्यावा लागला. पुढे १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला. १७३६ सालच्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने तर घरच्या तुळशीवरही बंदी घातली. परंतु डिचोली १७८१ साली, सत्तरी १७८२ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेली, तेव्हा काळ पालटला होता. ह्या नव्या काबिजादींतील रयतेचा धर्म व रीतिरिवाज अबाधित राखण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी पत्करले. त्यातूनच १८५३ सालची रीतिरिवाजांची संहिता तयार झाली व पुढे ती पोर्तुगीज आणि मराठी अशा दोन्ही भाषांत छापली गेली. छळाच्या आठवणी ताज्या असलेल्या समाजास हे अभय मोलाचे वाटले, ह्यात नवल नाही.

पोर्तुगालची १८६७ सालची नागरी संहिता १ जुलै १८७० पासून गोव्यास लागू झाली, तेव्हाही रिवाजांचा अपवाद कायम राहिला. १६ डिसेंबर १८८० च्या हुकूमनाम्याने हा अपवाद हिंदूंपुरता शब्दबद्ध केला. पत्नीला पंचविसाव्या वर्षापर्यंत मूल झाले नाही, अथवा तीस वर्षे पुरी होऊनही पुत्र झाला नाही, तर पतीच्या दुसऱ्या विवाहास कायदेशीर मान्यता मिळावी, अशा आशयाची तरतूद त्यात आहे. कलमाचा कर्ता पती आहे. वय मोजावयाचे ते पत्नीचे. दोष नवऱ्याच्या प्रकृतीत असू शकतो, ही शंका कलमकर्त्यांस शिवलेली दिसत नाही. विशेष म्हणजे ह्याच संहितेने हिंदूंना दत्तक घेण्याची मुभाही दिली होती. पुत्रासाठी धर्माने दुसरा मार्ग दाखविला असता सवतीचा मार्ग कशासाठी?

हाच प्रश्न १९५१ साली मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आला. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहांवर बंदी घातली होती व नरसू आप्पा माळी खटल्यात तिला आव्हान दिले गेले. पुत्राची धार्मिक आवश्यकता हा आव्हानाचा एक आधार होता. मुख्य न्यायाधीश छागला ह्यांनी उत्तर दिले की, जो धर्म पुत्र आवश्यक मानतो तोच दत्तकही मानतो. श्रद्धा आणि आचार ह्यांत भेद केला पाहिजे, असेही न्यायालयाने सांगितले. परंतु त्याच निकालाने वैयक्तिक कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीबाहेर ठेवले, हेही विसरता येत नाही. एक दार उघडताना दुसरे बंद झाले.

मग धर्माला सवलत देऊच नये काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. डिचोली महालातील शिरगावी लईराईच्या जत्रेत व्रतस्थ धोंड होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालतात. तेथे चटका बसलाच तर तो व्रत घेणाऱ्याच्या पायाला बसतो. २०२५ सालच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे बळी गेले; तेव्हा गर्दीचे नियमन करणे हे शासनाचे कर्तव्यच होय, पण त्यासाठी व्रताला हात लावण्याचे कारण नाही. १८८० च्या सवलतीची जात निराळी होती. तिच्यात व्रत एकाचे आणि चटका दुसरीला होता. समाजाला दिलेले अभय समाजातील दुबळ्या व्यक्तीच्या हक्कातून वसूल होऊ लागले, म्हणजे सवलतीची मर्यादा ओलांडली गेली असे समजावे.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या अधिनियमाने जुने कायदे पुढे चालू राहिले. १३ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समान नागरी कायद्याचे उज्ज्वल उदाहरण म्हणून गोव्याचा गौरव केला. मात्र काही मर्यादित हक्कांच्या रक्षणाचा अपवाद त्याच वाक्यात नमूद केला. ह्या गौरवाचा आनंद आपण अवश्य मानावा. परंतु कायद्याच्या अभ्यासकाने त्या अपवादापाशी थांबून प्रत्येक हक्काविषयी विचारले पाहिजे की तो मागितला कोणी आणि त्याची किंमत कोणी मोजली. १८८० साली पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या सुनेला हे कोणी विचारले नव्हते.