अरबी समुद्रातील हंपबॅक देवमासे : शिकारीच्या नोंदी आणि संरक्षणाचा प्रश्न

समुद्रातील जीवांच्या संरक्षणाचा इतिहास बहुधा करारांचा व ठरावांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु करार पाळला गेला की नाही, हे ज्या नोंदवहीवरून ठरते, तिचाही एक इतिहास असतो. अरबी समुद्रातील हंपबॅक, म्हणजे पाठीवर उंचवटा असलेल्या देवमाशाची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे.

देवमाशांच्या शिकारीचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय करार १९४६ साली वॉशिंग्टन येथे झाला व त्यातून आंतरराष्ट्रीय आयोग निर्माण झाला. सोव्हिएत संघही या करारात सामील होता. दक्षिण गोलार्धातील हंपबॅकच्या शिकारीस आयोगाने १९६३ साली मनाई केली. तथापि प्रत्येक राष्ट्र आपल्या शिकारीचे आकडे स्वतःच कळवीत असे आणि आयोग तेच प्रमाण मानीत असे. निरीक्षकांच्या देवघेवीची पद्धत १९७२ साली अमलात आली. तोपर्यंत बरेच काही घडून गेले होते.

अंटार्क्टिककडे निघालेल्या सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी नोव्हेंबर १९६६ मध्ये ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत यांच्या किनाऱ्यांलगत २३८ हंपबॅक मारले. आदल्या वर्षीचे ४ धरता ही संख्या २४२ होते. आयोगाला यांपैकी काहीही कळविण्यात आले नाही. हा प्रकार अपवादात्मकही नव्हता. योजनेने ठरविलेले उत्पादनाचे लक्ष्य गाठणे हेच ताफ्यांचे मुख्य उद्दिष्ट असल्याने खरी नोंद एका वहीत व कळवायची दुसरीत, अशी रीत पडली होती. दक्षिण गोलार्धात सोव्हिएत ताफ्यांनी एकंदर ४८,००० हून अधिक हंपबॅक मारले. कळविले मात्र २,७१०.

हे असत्य उघडकीस आणले ते रशियन शास्त्रज्ञांनीच. अलेक्सेय याब्लोकोव्ह यांनी १९९३ साली त्याची जाहीर वाच्यता केली. काही जीवशास्त्रज्ञांनी मूळ नोंदी गुप्तपणे जपून ठेवल्या होत्या. त्यांपैकी युरी मिखालेव्ह यांनी अरबी समुद्रातील शिकारीची माहिती १९९७ साली प्रसिद्ध केली. मारलेल्या माद्यांच्या गर्भांची लांबी मोजलेली होती. तीवरून हे देवमासे उत्तर गोलार्धाच्या ऋतुचक्राप्रमाणे प्रजनन करतात, हे दिसून आले. त्यांच्या जठरांत अन्नही आढळले होते. अन्यत्र हंपबॅक ध्रुवाकडील थंड समुद्रात खातो व विणीसाठी उष्ण समुद्रात येतो. येथे मात्र मोसमी वाऱ्यांमुळे खोल पाण्यातील पोषक द्रव्ये वर येतात व त्याला उष्ण समुद्रातच अन्न मिळते. सारांश, हा समूह वर्षभर येथेच राहणारा व स्वतंत्र आहे, याचा भक्कम पुरावा त्याच्या संहाराच्या खऱ्या नोंदींतूनच मिळाला. पुढे, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिकीय संशोधनाने तो सुमारे ७०,००० वर्षे अलग असल्याचे दाखविले.

हिंदी महासागर १९७९ साली देवमाशांचे अभयक्षेत्र ठरला. व्यापारी शिकारीस स्थगिती देण्याचा निर्णय १९८२ साली झाला. जगातील अन्य बऱ्याच समुद्रांत हंपबॅकची संख्या पुन्हा वाढली. अरबी समुद्रात तसे घडले नाही. ओमानजवळील पाहणीवरून तेथील संख्या सुमारे ८२ अजमावण्यात आली. भाला गेला, परंतु मासेमारीची जाळी, जहाजांची धडक व यंत्रांचा कल्लोळ ही संकटे उरली आहेत. ओमानजवळ उपग्रहयंत्र लावलेली एक मादी २०१७ साली समुद्र ओलांडून दक्षिण भारताच्या किनाऱ्यापर्यंत आली. तेव्हा हा प्रश्न केवळ ओमानचा नव्हे, भारतीय किनाऱ्याचाही आहे.

भाल्याने मारलेल्या प्राण्याची निदान एक खरी नोंद कोठेतरी झाली होती. जाळ्यात गुदमरलेल्या किंवा जहाजाखाली सापडलेल्या प्राण्याची पुष्कळदा तीही होत नाही. जो मृत्यू लिहिला जात नाही, तो कोणत्याही कायद्याच्या कक्षेत येत नाही. म्हणूनच प्रामाणिक नोंद ही संरक्षणाच्या कार्याची पहिली पायरी होय.