मुडबी: छिद्र पडेपर्यंत

बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यात, गुलबर्ग्याच्या बाजूला मुडबी आहे. या घटनाक्रमातला तिथला पन्नाशीचा शेतकरी मी कल्पनेने उभा केला आहे. त्याच्या पोटात जे घडतं, ते मात्र डॉक्टरांनी हजारो पोटांत पाहिलेलं आहे. काळ मोजला आहे तो पोटात छिद्र पडण्याच्या क्षणापासून.

उणे ४५ वर्षं, पहिला तास

तो पाच वर्षांचा आहे. घरातल्याच कुणाकडून हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू त्याच्या पोटात उतरतो. बहुतेकांना तो लहानपणीच गाठतो. जठरातल्या आम्लात बाकीचे बहुतेक जंतू मरतात. हा युरियापासून अमोनिया करतो, भोवतालचं आम्ल निष्प्रभ करतो आणि पोहत पोहत चिकट थरात शिरून अस्तराच्या पेशींना भिडतो.

मग तो आपलं हत्यार काढतो. त्याच्या अंगावर सुईसारखी एक रचना असते. तिच्यातून तो ‘कॅग-ए’ नावाचं प्रथिन थेट आपल्या पेशीत टोचतो. आत गेल्यावर आपल्याच पेशीतली विकरं त्याला फॉस्फेट जोडतात आणि ते कामाला लागतं. एसएचपी-२ या विकराला धरून ते वाढीचे संदेश चालूच ठेवतं. हे २००२ साली जपानच्या मासानोरी हाताकेयामा यांच्या गटाने दाखवलं. शेजारच्या पेशींमधले घट्ट सांधेही ते सैल करतं. प्रयोगशाळेतल्या पेशी काही तासांतच ताणल्यासारख्या लांबट होतात. पेशींच्या हाकेला पांढऱ्या पेशी धावून येतात आणि सूज सुरू होते. ती आपोआप क्वचितच जाते. मुलाला यातलं काहीच जाणवत नाही.

उणे ३० ते उणे २ वर्षं

इथे दोन वाटा फुटतात. सूज जठरभर पसरली, तर आम्ल घटतं, अस्तर झिजतं, त्या जागी आतड्यासारख्या पेशी येतात आणि काहींच्यात पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्ये या जंतूला कर्करोगकारक ठरवलं. जपानमध्ये १५२६ रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यांतल्या ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला आणि ते सगळे जंतूबाधित होते. भारतात जंतू घरोघरी असूनही मिझोरामसारखा भाग सोडला तर हा कर्करोग त्या मानाने कमी दिसतो. आपल्याकडच्या कॅग-एची एसएचपी-२वरची पकड पूर्व आशियातल्यापेक्षा सैल असते, हे त्याचं एक कारण असू शकतं. सगळं उत्तर तेवढ्यात नाही.

आपला शेतकरी दुसऱ्या वाटेवर आहे. सूज जठराच्या खालच्या टोकाशीच राहिली, आम्ल वाढलं आणि लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण झाला.

उणे १४ महिने, रात्री २

पोटात आग पडते. भाकरीचा तुकडा खाल्ला की बरं वाटतं. ‘पित्त झालंय’ म्हणत मेडिकलवरून गोळी येते, दोष मिरचीच्या ठेच्यावर जातो. दोष जंतूचा असू शकतो हे पटवण्यासाठी बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये पर्थला जंतूंचा घोट स्वतः घेतला होता. दहाव्या दिवशी दुर्बिणीने पाहिलं तेव्हा त्यांच्या जठराला सूज होती. २००५ साली त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं. मुडबीतल्या या १४ महिन्यांत शौचाची किंवा श्वासाची एक चाचणी आणि १४ दिवसांचं औषध पुरलं असतं. मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती या महिन्यांची.

उणे ३ दिवस

तुरीची रास चालू आहे. कंबर धरली म्हणून डायक्लोफेनॅक, तेही उपाशीपोटी. या गोळीने अस्तराचं उरलंसुरलं संरक्षणही घटतं.

शून्य तास, पहाटे ४

पोटात सुरी खुपसल्यासारखी कळ येते. व्रण आरपार फुटला. आम्ल आणि अन्नरस पोटाच्या पोकळीत सांडतात. तो गुडघे पोटाशी घेऊन निश्चल पडतो. हललं तरी जीव जातो.

अधिक २ तास

पोट फळीसारखं ताठ. खांदाही दुखतो. ‘अण्णा, वायगोळा असंल,’ मुलगा म्हणतो आणि ओवा देतो.

अधिक ६ तास

कळ उतरते. घरच्यांना हायसं वाटतं, बसवकल्याणला न्यायचं राहून जातं. हीच खरी घातवेळ: पोकळीत पाझरलेल्या पाण्याने आम्ल पातळ झालेलं असतं, पण जंतू वाढत असतात.

अधिक ११ तास

ताप, नाडी जलद, पोट फुगलेलं. बसवकल्याणहून बिदरला पाठवतात. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत छाती-पोटामधल्या पडद्याखाली हवा दिसते. डेन्मार्कमधल्या २६६८ रुग्णांच्या नोंदी सांगतात, की दाखल झाल्यावर शस्त्रक्रियेला होणाऱ्या प्रत्येक तासाच्या उशिरागणिक जगण्याची शक्यता सुमारे २.४ टक्क्यांनी घटते. घरी गेलेले तास त्यात धरलेलेच नाहीत.

अधिक १४ तास

पोट उघडून धुतात, चरबीच्या पदराचं ठिगळ छिद्रावर शिवतात. तो वाचतो. जंतू अजून जठरातच आहे. हाँगकाँगमध्ये अशी छिद्रं शिवलेल्या रुग्णांपैकी ज्यांना फक्त आम्ल कमी करणारं औषध मिळालं, त्यांच्यातल्या ३८ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा व्रण झाला. ज्यांना जंतूवरचं औषधही मिळालं, त्यांच्यात ५ टक्क्यांहून कमी जणांना. डिस्चार्जच्या कागदावर ते औषध लिहिलंय का, हे त्याच्या मुलाने डॉक्टरांना विचारायला हवं.