चिंचेखालचे जेवण : अहमदनगर, ऑगस्ट १८०३

१/ भिंगारलगतच्या अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याजवळ एक चिंचेचे झाड प्रसिद्ध होते. किल्ला हाती आल्यावर जनरल आर्थर वेलस्लीने तेथे थांबून दुपारचे जेवण घेतले, असे जुन्या इंग्रजी प्रवासपुस्तकांत सांगितलेले आढळते. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लू येथे नेपोलियनविरुद्ध लढला.

२/ भिंगारने याआधीही एका मोहिमेचा शेवट पाहिला होता. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेबाचा मृत्यू याच परिसरातील छावणीत झाला. १८०३ मध्ये मात्र किल्ला दौलतराव शिंदे यांच्या ताब्यात होता.

३/ ८ ऑगस्ट १८०३ रोजी वेलस्लीने प्रथम पेठेच्या तटावर शिड्या लावल्या. तटाला आतून उभे राहण्यास जागाच नव्हती. वर पोहोचलेले स्कॉटिश सैनिक त्यामुळे अडकले, आणि शेवटी एका बुरुजावरून आत उतरले. आत अरब शिबंदीने कडवा प्रतिकार केला. तरीही पेठ त्याच दिवशी पडली.

४/ इंग्रजांच्या छावणीत असलेल्या गोखले नावाच्या मराठा सरदाराचे एक पत्र पुढे फार गाजले. हे लोक सकाळी आले, तट पाहिला, तो ओलांडला, शिबंदी कापली आणि न्याहारीला परतले, असा त्याचा आशय होता.

५/ किल्ल्यावर १० ऑगस्टला तोफा सुरू झाल्या. ११ तारखेस किल्लेदाराने बोलणी लावली. १२ तारखेस सुमारे १,४०० जणांची शिबंदी बाहेर पडली. १५९५-९६ मध्ये चांदबीबीने मोगलांविरुद्ध झुंजवलेला किल्ला अवघ्या काही दिवसांत गेला.

६/ या विजयाचे खरे मोल रसदीत होते. वेलस्लीचे सैन्य म्हैसूरच्या बैलांवर आणि धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चालत असे. नगर हाती येताच पुण्याकडील वाट सुरक्षित झाली व दारूगोळा आणि धान्य साठवण्यास भक्कम ठाणे मिळाले. त्याच आधारावर सैन्य गोदावरी ओलांडून गेले आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली.

७/ या भागातील रयतेच्या ताटात मात्र काही उरले नव्हते. १८०२ पासून होळकरांच्या फौजा आणि पेंढारी यांनी मुलूख लुटला होता. त्यात पाऊसही पुरेसा झाला नाही. १८०३-०४ चा दुष्काळ या जिल्ह्याच्या इतिहासातील भीषण दुष्काळांपैकी एक ठरला. वेलस्लीच्या स्वतःच्या पत्रांतही त्या उपासमारीचे उल्लेख आहेत.

८/ प्रवासपुस्तकांनी सेनापतीचे एक जेवण लक्षात ठेवले. त्याच वर्षी ज्यांना जेवण मिळाले नाही, त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. चिंचेची गोष्ट सांगताना त्यांचीही आठवण ठेवणे उचित होय.