कर्करोग हाडात पोहोचतो तेव्हा : आधी विचारावे, कोणते हाड?

तोंड, जीभ, घसा किंवा स्वरयंत्राच्या कर्करोगाच्या अहवालात ‘हाडाला बाधा’ असे शब्द दिसले की घरचे लोक आशा सोडतात. मात्र या शब्दांनी दोन अगदी निराळ्या अवस्था सांगितल्या जातात. एकीत गाठ शेजारच्या जबड्यात शिरलेली असते. दुसरीत रोगाच्या पेशी रक्तावाटे मणके, बरगड्या, कंबर वा मांडीच्या हाडात रुजलेल्या असतात. मये, डिचोली किंवा पेडण्याहून बांबोळीच्या गोमेकॉत जाणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा तो हाच : कोणते हाड?

जबड्याचे हाड

गाल वा हिरडीची गाठ जबड्याच्या हाडात खोलवर शिरली की रोगाची नोंद चौथ्या टप्प्यात होते. तरीही तो शरीरात इतरत्र पसरला असा त्याचा अर्थ नव्हे. अशा अनेक रुग्णांवर रोग बरा करण्याच्या उद्देशानेच उपचार होतात. बाधित भागासह जबड्याचा तुकडा व मानेतील लसिकाग्रंथी काढल्या जातात. गरजेनुसार पायाच्या नडगीशेजारील बारीक हाड घेऊन जबडा नव्याने बांधता येतो. त्यानंतर किरणोपचार आणि काही रुग्णांना त्यासोबत केमोथेरपी दिली जाते.

दूरची हाडे

मणक्यात वा कंबरेत रोग गेल्यास तो समूळ नाहीसा करणे सहसा शक्य नसते. त्याला आवर घालणे, वेदना शमवणे आणि रुग्णाला चालते-फिरते ठेवणे ही येथे उपचारांची उद्दिष्टे असतात.

दुखऱ्या हाडावरील किरणोपचार हा वेदनेवरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. दहापैकी सुमारे सहा रुग्णांना त्याने आराम पडतो. मात्र पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागू शकतात. साध्या दुखण्यात ८ ग्रेची एकच मात्रा अनेक दिवसांच्या उपचाराइतकाच आराम देते, असे अभ्यासांत सिद्ध झाले आहे. एका मात्रेनंतर पुन्हा किरण देण्याची गरज अधिक वेळा भासते, पण अशक्त रुग्णाच्या रोजच्या खेपा वाचतात. आपल्या रुग्णाला एक मात्रा पुरेल का, हे विचारण्यात संकोच नसावा.

हाडे ठिसूळ होऊन मोडू नयेत यासाठी झोलेड्रोनिक आम्ल शिरेतून किंवा डेनोसुमॅब त्वचेखाली टोचतात. या औषधांनी क्वचित जबड्याचे हाड मृत होते. जबड्यावर आधी किरण घेतलेल्यांना हा धोका अधिक असतो. त्यामुळे पहिल्या इंजेक्शनपूर्वी दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी, काढायचे दात आधीच काढावेत. झोलेड्रोनिक आम्लापूर्वी मूत्रपिंडाची तपासणीही आवश्यक असते. मांडीचे हाड मोडण्याच्या बेतात असेल तर त्यात सळई बसवतात.

संपूर्ण शरीरावरील औषधे

केमोथेरपी व इम्युनोथेरपी यांचा खर्च अनेकांना पेलवत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधन या दृष्टीने मोलाचे आहे. तेथील ४२२ रुग्णांच्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्या घेणाऱ्यांचे मध्यक आयुर्मान ७.५ महिने, तर सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचे ६.१ महिने होते. पुढील अभ्यासात मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब या गोळ्यांना निव्होलुमॅबच्या अल्प मात्रेची जोड देण्यात आली. तेव्हा वर्षभरानंतर हयात असलेल्यांचे प्रमाण सुमारे १६ वरून ४३ टक्क्यांवर गेले. आकडे मोठे नाहीत, परंतु परवडणारा मार्ग आहे हे त्यांतून दिसते.

थांबू नये अशी लक्षणे

पाठीत वाढत जाणारी वा आडवे झाल्यावर बळावणारी कळ, पायांत अशक्तपणा, बधिरपणा, लघवी अडणे ही मज्जारज्जूवर दाब आल्याची चिन्हे असू शकतात. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी १०८ रुग्णवाहिका बोलावून मोठे इस्पितळ गाठावे. उपचार सुरू होताना जो चालत असतो, त्याचे चालणे टिकण्याची शक्यता बरीच अधिक असते. अतिशय तहान, बद्धकोष्ठ व गोंधळलेपण ही रक्तातील कॅल्शियम वाढल्याची खूण असू शकते. त्यावर सलाईन व औषधांनी इलाज होतो.

खर्च आणि वेदनाशमन

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन सदस्यांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. सुचवलेला उपचार योजनेच्या यादीत आहे की नाही, हे आधीच विचारून घ्यावे. मॉर्फिनविषयीची भीतीही अनाठायी आहे. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत वेदनेसाठी घेतल्यास व्यसन जडणे विरळा असते. वेदनाशमन हा शेवटच्या दिवसांपुरता उपचार नाही, निदानाच्या दिवसापासूनच त्याची मागणी करणे हा रुग्णाचा हक्क आहे.